‘१ फाइल कॉपी झाली’, मग ३४२ फोटो गेले कुठे?

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आजोबांचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली आला. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तो कोणी सुरू केला नव्हता. बाबा म्हणाले, "यातलं हवं ते काढून घे आणि डिस्क पुसून टाक. डबा भंगारात देऊन टाकू."

घरात कॉम्प्युटरचं काहीही निघालं की ते माझ्याकडे येतं. मी डिस्क बाहेर काढली आणि यूएसबीच्या जोडणीने माझ्या लॅपटॉपला लावली. ‘ई’ नावाचा ड्राइव्ह दिसू लागला. त्यात आत्याच्या लग्नाचे ३४२ फोटो होते आणि आजीने म्हटलेल्या ओव्यांची अकरा रेकॉर्डिंग होती. शिवाय आजोबांनी स्वतः टाइप केलेली घराण्याची हकिकत होती. पणजोबा सयाजीरावांच्या काळात कोकणातून बडोद्याला कसे आले, कुठे राहिले, कोणी आसरा दिला, हे सगळं त्यात होतं. आमच्या घरात हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

थोडी ऐट म्हणून मी माउस बाजूला ठेवला, काळी खिडकी उघडली आणि टाइप केलं:

कॉपी ई:\लग्न\*.जेपीजी डी:\फोटो

फोटोंची नावं भराभर वर सरकत गेली. शेवटच्या ओळीचा अर्थ होता, ‘१ फाइल कॉपी झाली’. नावं तर सगळी दिसली होती, म्हणून मी निर्धास्त झाले. डिस्क पुसायला घेणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "उघडून बघितलंस का एकदा?"

बघितलं. ‘डी’वर ‘फोटो’ नावाचं फोल्डर नव्हतंच. त्या नावाची एकच फाइल होती, ती एका फोटोएवढीही मोठी नव्हती आणि कशातच उघडत नव्हती.

त्या दिवशी मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असा एखादा कॉम्प्युटर, सीडीचा गठ्ठा किंवा पेनड्राइव्ह पडून असेल, आणि तो उघडायचं काम घरातल्या तरुण मुलांवरच येणार आहे.

एक सूचना आधीच देते. या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरायचे. ‘/आर:२’ म्हणजे तिरकी रेघ, आर हे अक्षर, कोलन आणि दोन.

नेमकं चुकलं काय?

‘कॉपी’ ही कमांड फार जुनी आहे आणि तिला दोन कामं येतात. एक फाइल दुसरीकडे नेणं हे पहिलं, आणि अनेक फाइली जोडून एक करणं हे दुसरं. ‘डी’वर ‘फोटो’ नावाचं फोल्डर आधीपासून असतं तर तिने सगळे फोटो त्यात ठेवले असते. ते नव्हतं, म्हणून तिने ‘फोटो’ हे नव्या फाइलचं नाव समजलं आणि ३४२ फोटो एकामागे एक जोडायला घेतले. जोडताना ती प्रत्येक फाइल साधा मजकूर आहे असं धरते आणि जुन्या पद्धतीची ‘मजकूर संपला’ ही खूण दिसली की तिथेच थांबते. फोटोत ती खूण कुठेही येऊ शकते. म्हणून प्रत्येक फोटोचा सुरुवातीचा तुकडा तेवढा आला.

कॉम्प्युटरच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. एरर आली नाही. मी सांगितलं ते त्याने केलं आणि एक फाइल केल्याचंही प्रामाणिकपणे सांगितलं. तो ‘१’ मी वाचला नाही.

एरर आली की आपण घाबरतो. खरं तर एरर आली की निदान काय राहिलं ते तरी कळतं. मुकाट्याने अर्धवट झालेली कॉपी जास्त घातक असते.

मग कोणती कमांड वापरावी?

फोल्डरच्या फोल्डर हलवायची असतील तर ‘कॉपी’ वापरू नका. ती आतली उपफोल्डर नेतच नाही. ‘एक्सकॉपी’ सांगितल्यास नेऊ शकते, आणि पोहोचवायची जागा अस्तित्वात नसेल तर ती फाइल आहे की फोल्डर, असं अनेकदा विचारते. पण सगळ्यात भरवशाची ‘रोबोकॉपी’. ही विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. तिला आधी कुठून, मग कुठे, अशी दोन फोल्डर सांगायची. दुसरं फोल्डर नसेल तर ती स्वतः तयार करते, म्हणजे माझ्यासारखी फजिती होत नाही.

मी शेवटी वापरलेली ओळ ही:

रोबोकॉपी ई:\घर डी:\आजोबा /ई /आर:२ /डब्ल्यू:५ /एक्सजे /युनिलॉग:डी:\नोंद.टीएक्सटी /टीईई

‘/ई’ म्हणजे रिकाम्या फोल्डरांसकट आतलं सगळं घे. ‘/एक्सजे’मुळे विंडोजने आत करून ठेवलेल्या आडवाटांमध्ये शिरून ती गोल गोल फिरत बसत नाही. ‘/युनिलॉग’ सगळ्या कामाची नोंद एका फाइलमध्ये लिहितं आणि ‘/टीईई’ तेच पडद्यावरही दाखवतं.

‘/आर’ आणि ‘/डब्ल्यू’ यांची गंमत वेगळी आहे. एखादी फाइल वाचता आली नाही की रोबोकॉपी थांबून पुन्हा प्रयत्न करते. किती वेळा, हे तुम्ही सांगितलं नाही तर दहा लाख वेळा! दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे तीन कोटी सेकंद, साधारण ३४७ दिवस, एकाच खराब फाइलपाशी. ‘रोबोकॉपी अडकली’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचं हेच झालेलं असतं. म्हणून दोनदा प्रयत्न आणि मध्ये पाच सेकंद, एवढं पुरे.

काही धोका पत्करायचा नसेल तर ओळीच्या शेवटी ‘/एल’ जोडून आधी एकदा चालवा. मग ती काहीच कॉपी करत नाही, काय केलं असतं त्याची फक्त यादी दाखवते.

आणि एका गोष्टीपासून सावध राहा. ‘/एमआयआर’ नावाचा पर्याय बऱ्याच जणांच्या सल्ल्यात असतो. त्याचा अर्थ आरसा. मूळ जागी जे नाही ते तो दुसऱ्या जागेवरून पुसून टाकतो. कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली आणि रिकामं फोल्डर मूळ म्हणून दिलं गेलं, तर भरलेलं फोल्डर रिकामं होईल. घरातल्या जुन्या वस्तू वाचवायच्या कामात त्याची गरज नाही.

एररचा आकडा वाचा

रोबोकॉपी अडली की एक आकडा देते. त्याचा इंग्रजी अर्थ हवा असेल तर ‘नेट हेल्पएमएसजी’ लिहून पुढे तो आकडा टाका. नेहमी भेटणारे आकडे थोडेच आहेत.

२ आणि ३: फाइल किंवा वाट सापडत नाही. बहुतेक वेळा टाइप करण्यातली चूक असते, किंवा डिस्क पुन्हा लावल्यावर ‘ई’ची ‘एफ’ झालेली असते. नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर ‘लग्नाचे फोटो’ हे तिला दोन वेगवेगळे शब्द वाटतात. मात्र अवतरणचिन्ह बंद करण्याच्या अगदी आधी उलटी तिरकी रेघ ठेवू नका. ती रेघ आणि चिन्ह मिळून रोबोकॉपीला भलताच अर्थ लागतो आणि पुढचा सगळा मजकूर त्याच नावात जातो.

५: परवानगी नाही. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क नव्याला लावली की हे हमखास येतं. फोल्डरचा मालक म्हणून जुन्या कॉम्प्युटरवरच्या खात्याची नोंद असते आणि नवा कॉम्प्युटर त्या खात्याला ओळखत नाही. कमांड प्रॉम्प्टवर उजवं बटण दाबून ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ हा पर्याय घ्या आणि ओळीत ‘/बी’ जोडा. बॅकअप घेणाऱ्याला असलेला खास अधिकार त्याने वापरला जातो आणि डिस्कवरच्या परवानग्यांना हात लावावा लागत नाही. ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन’ या फोल्डरपाशी ५ आला तर सोडून द्या, तुमचं त्यात काही नसतं.

३२: फाइल दुसऱ्या कोणी उघडून ठेवली आहे. हा दुसरा कोणी बहुधा आपणच असतो, वर्डची खिडकी मागे उघडी असते. बंद करा आणि पुन्हा चालवा. रोबोकॉपी आधी नीट गेलेल्या फाइली वगळून पुढचंच करते.

११२: जागा नाही. पण पेनड्राइव्हवर भरपूर जागा असतानाही हे आलं, तर फाइलचा आकार बघा. अनेक पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीने आखलेले असतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंतचीच मावते. लग्नाचा व्हिडिओ त्याहून सहज मोठा असतो. पेनड्राइव्ह रिकामा असेल तर तो ‘एक्सफॅट’ पद्धतीने पुन्हा फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर त्यावरचं सगळं जातं, हे विसरू नका.

१२३: नाव चालत नाही. विंडोजमध्ये नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, दोन्ही तिरक्या रेघा, उभी रेघ आणि कोन कंस चालत नाहीत. लिनक्सवर ‘सकाळी १०:३०’ असं नाव दिलेली फाइल इथे अडते. वर सांगितलेल्या अवतरणचिन्हाच्या घोटाळ्यातही हाच आकडा दिसतो.

लांब नावांचंही एक दुखणं आहे. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. फोल्डरात फोल्डर, त्यात ‘नवीन फोल्डर’, त्यात आणखी एक, असं होत ती ओलांडली जाते. अशा वेळी ‘एक्सकॉपी’ चक्क ‘मेमरी अपुरी’ असा संदेश देते आणि आपण नसत्या वाटेने शोधत बसतो. रोबोकॉपीला लांब पत्ते चालतात.

२३ आणि १११७: डिस्कवरून वाचताच येत नाही. यातला २३ म्हणजे वाचलेली माहिती आणि तिच्या पडताळणीचा आकडा जुळत नाहीत. ओरखडे पडलेल्या सीडीवर आणि म्हाताऱ्या डिस्कवर हे येतं. आधी केबल आणि यूएसबीची जागा बदलून बघा. तरीही आलं तर घाई करून ‘चेकडिस्क’ने दुरुस्ती करायला जाऊ नका. दुरुस्तीत डिस्कवर पुष्कळ ताण येतो, आणि ती मरणाला टेकली असेल तर तेवढंच निमित्त होतं. आधी जे येतंय ते सगळं काढून घ्या, अडलेल्या फाइली शेवटी बघा. डिस्क टकटक असा आवाज करत असेल तर ताबडतोब बंद करा आणि डेटा परत मिळवण्याचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा.

आजीच्या अकरा रेकॉर्डिंगपैकी दहा आली. एकावर २३ आला. केबल बदलली, दुसरा कॉम्प्युटर लावून बघितला, डिस्क रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा प्रयत्न केला. ती नाही आली. आजी आता नाही, त्यामुळे पुन्हा रेकॉर्ड करण्याचा प्रश्नच नव्हता. चार वर्षं आधी डिस्क खाली काढली असती तर कदाचित आली असती, एवढंच मनात राहिलं.

कॉपी झाली, पण दिसत नाही

आणखी दोन प्रसंगांत माझा जीव खाली-वर झाला.

पहिला असा. मी आधी ‘ई:\घर’ऐवजी नुसतं ‘ई:\’ दिलं होतं, म्हणजे सगळा ड्राइव्ह. काम संपलं आणि ‘डी’वर ‘आजोबा’ हे फोल्डरच दिसेना! ड्राइव्हच्या मुळाला विंडोजने ‘लपलेलं’ आणि ‘सिस्टीमचं’ अशा खुणा लावलेल्या असतात, आणि रोबोकॉपीने त्या खुणाही इमानदारीने नव्या फोल्डरला लावल्या होत्या. ‘ॲट्रिब -एस -एच डी:\आजोबा’ एवढं लिहिल्यावर ते परत दिसायला लागलं.

दुसरा प्रसंग खास आपल्या मराठी घरांतला आहे. आजोबांची हकिकत असलेली वर्डची फाइल बिनचूक आली. उघडली तर आत निरर्थक इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं. मला वाटलं फाइल बिघडली. पण तसं नव्हतं. युनिकोड घरोघरी पोहोचण्याआधी मराठी टाइप करायला वेगळे फॉन्ट असायचे. त्यात फाइलमध्ये साठायची ती इंग्रजी अक्षरंच, फक्त फॉन्ट त्या जागी देवनागरीचे आकार दाखवायचा. मी मजकूर आणला होता, पण फॉन्ट जुन्या डिस्कवरच्या ‘विंडोज’ फोल्डरमध्ये, त्यातल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये राहिला होता. तो आणून बसवला आणि पडद्यावर आजोबांचं मराठी उमटलं. आता ते युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं काम मी हळूहळू करते आहे, कारण तो फॉन्ट नसलेल्या कोणालाही ती फाइल वाचता येणार नाही.

बाबांच्या शब्दाप्रमाणे डिस्क पुसली असती तर फॉन्टही गेला असता. म्हणून जुनी मराठी फाइल कॉपी करताना त्या कॉम्प्युटरचे फॉन्टही सोबत घ्या.

फाइलीचं नावच देवनागरीत असेल तर काळ्या खिडकीत ते चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन दिसू शकतं. घाबरू नका. बहुधा तो फक्त दाखवण्यातला दोष असतो, नाव डिस्कवर नीट असतं. ‘/युनिलॉग’ने लिहिलेली नोंद नोटपॅडमध्ये उघडा, तिथे नावं वाचता येतात.

आणि फोनमधले फोटो या मार्गाने काढायला जाऊ नका. फोन केबलने जोडला तरी त्याला ‘ई’, ‘एफ’ असं ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, त्यामुळे या कमांडना तो दिसतच नाही. फोनचे फोटो नेहमीच्या खिडकीतून आधी कॉम्प्युटरवर घ्या.

पुसण्याआधी

रोबोकॉपी शेवटी एक तक्ता देते. त्यात एकूण किती, कॉपी किती झाल्या, वगळल्या किती आणि फसल्या किती ते असतं. ‘फेल्ड’खाली शून्य आहे का, ते आधी बघा. नसेल तर नोंदीच्या फाइलमध्ये ‘एरर’ हा शब्द शोधा, कोणत्या फाइली राहिल्या ते सापडेल. लगेच ‘एको %एररलेव्हल%’ लिहिलंत तर एक आकडाही मिळतो. इथे मात्र १ आला म्हणजे चूक नव्हे, तर फाइली कॉपी झाल्या असा अर्थ आहे. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर काहीतरी राहिलं आहे.

अगदी मोलाच्या फाइलींसाठी ‘एफसी /बी’ लिहून पुढे दोन्ही फाइलींचे पत्ते द्या. ती दोन्ही फाइली अक्षरन् अक्षर ताडून बघते आणि फरक नसेल तर तसं सांगते.

आणि मग आईची तपासणी: उघडून बघा. पहिला फोटो, मधला एखादा, शेवटचा. एखादं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐका. मजकूर वाचता येतो का ते बघा. फाइल जशीच्या तशी आली हे कॉम्प्युटर सांगू शकतो, पण आजोबांचं मराठी वाचता येतंय का, हे त्याला कळत नाही.

आमच्या घरी आता या सगळ्याच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक बाबांच्या कपाटातल्या डिस्कवर आणि एक इंदूरला आत्याकडे. आजोबांची डिस्क आम्ही पुसली नाही आणि भंगारातही दिली नाही. कापडात गुंडाळून, वर तारीख लिहून ठेवली आहे. त्या अकराव्या रेकॉर्डिंगसाठी मी अजून एकदा प्रयत्न करणार आहे.

तुमच्याही माळ्यावर असा कॉम्प्युटर असेल तर पुढच्या सणाची वाट बघू नका. येत्या रविवारीच खाली काढा.